काढता येणारे ई-सिम : किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी प्रस्तावना

रायगडच्या किनाऱ्यावर फोनचा पहिला प्रश्न रेंजचा असतो. ‘आमच्या वाडीत कुठलं चालतं?’ असे गिऱ्हाईक विचारते आणि दुकानदाराला गावागणिक वेगळे उत्तर द्यावे लागते. याचे मूळ भूगोलात आहे. सह्याद्रीचे फाटे इथे थेट समुद्रापर्यंत येतात. दोन सोंडांच्या बेचक्यात गाव, पुढे पुळण, मागे डोंगर. रेडिओलहरींना डोंगर आडवा आला की त्या अडतात, आणि टॉवर उभे राहतात ते बाजारपेठेत किंवा हमरस्त्याला, जिथे गिऱ्हाईक दाट आहे तिथे. काशीदहून फणसाड अभयारण्याच्या कडेने मुरूडकडे जाताना एक सिम गप्प होते, आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत दुसरे जागे होते, बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेश्वीला लागेपर्यंत तिसऱ्याची पाळी येते. हे तिसरे सिम बहुधा फोनच्या कव्हरमागे कागदाच्या घडीत असते. गरज पडली की पिन शोधायची, चालत्या गाडीत ट्रे काढायचा आणि नखाएवढे कार्ड खाली पडू नये म्हणून जीव मुठीत धरायचा.

या पुस्तकाचा विषय या तिसऱ्या सिमशी जोडलेला आहे. काढता येणारे ई-सिम म्हणजे दिसायला साधे नॅनो सिम, १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद. त्याच्या आत मात्र महागड्या फोनच्या बोर्डावर जडवलेली असते त्या जातीची चिप आहे. तिच्यात एकाच वेळी अनेक कंपन्यांची सिमे साठवता येतात आणि त्यांतले एक चालू ठेवता येते. किल्ल्यांच्या जुडग्यासारखे समजा, एका वेळी एकच किल्ली कुलपात जाते. फोनला मूळचे ई-सिम नसले तरी चालते. आपल्याकडे हातोहाती फिरणारे बहुतेक फोन असेच आहेत, म्हणून हा विषय चैनीचा नाही असे मी मानतो.

सिमच्या जन्मामागे एक उदार कल्पना होती. १९९१ साली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीसाठी पहिली सिम कार्डे बनवली. तेव्हा ती एटीएम कार्डाएवढी असत. ओळख आणि यंत्र वेगळे ठेवायचे, ही ती कल्पना. नंबर कार्डात राहतो, फोन कुणाचाही असो. आपला फोन बिघडला तर कार्ड काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालायचे आणि आपल्याच नंबरावरून बोलायचे. यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, अर्ज लागत नाही. नंतर कार्ड आक्रसत गेले, मिनी, मायक्रो, नॅनो झाले, पण हा हक्क तसाच राहिला.

भारतात मोबाइल आला तो १९९५ मध्ये. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या कंपन्यांनी सुरुवात केली. सरकारने देशाचे सेवाक्षेत्रांत तुकडे पाडले होते. मुंबई एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा दुसरे. ही रेघ रायगडकराच्या आयुष्याच्या मधोमध गेली. अलिबागचा माणूस नोकरीला मुंबईत आणि घर खाडीपलीकडे. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरला की त्याचा नंबर परमुलखात गेलेला असे आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. म्हणून मुंबईचे एक आणि गावचे एक अशी दोन सिमे बाळगण्याची सवय इथे रुजली. पुढे २०११ च्या जानेवारीत नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, २०१५ च्या जुलैत ती सर्कलच्या सीमेपलीकडेही लागू झाली, आणि रोमिंगचा भुर्दंड काही वर्षांत संपला. दोन सिमांचे फोन मात्र टिकले, कारण तोवर त्यांचे काम बदलले होते. दर वाचवण्यासाठी घेतलेले दुसरे सिम आता रेंज वाचवण्यासाठी लागत होते.

एका कार्डात अनेक नंबर ठेवण्याची हौसही जुनी आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत ‘सोळा नंबरांचे एक सिम’ अशी कार्डे बाजारात मिळत. त्यांची पद्धत वाईट होती. सिमच्या आत एक गुप्त किल्ली असते, तिच्यावरून नेटवर्क आपल्याला ओळखते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या काळच्या कित्येक सिमांमधली गणिती पद्धत कच्ची आहे आणि कार्ड हातात असेल तर ती किल्ली बाहेर काढता येते. त्याच वाटेने किल्ली चोरून दुसऱ्या कार्डावर तिची नक्कल उतरवली जाई. ज्याला हे करता येई त्याला तुमचे सिमही उतरवून घेता येई. आजही ‘एका कार्डात दहा नंबर’ म्हटले की जाणते लोक बिचकतात ते या आठवणीने. नव्या कार्डात कुणी कशाची नक्कल करत नाही. कंपनीचा सर्व्हर आणि चिप एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात आणि किल्ली कुलूपबंद होऊन चिपमध्ये उतरते. ती कुणाला दिसत नाही, मालकालाही नाही.

ही पद्धत जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने घालून दिली. आधी ती यंत्रांसाठी होती, गाड्या आणि मीटर यांच्यासाठी. सामान्य ग्राहकांसाठीचे प्रमाण २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी सॅमसंगच्या घड्याळात ते दिसले, २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ मध्ये, २०१८ मध्ये आयफोनमध्ये. भारताच्या दूरसंचार विभागानेही २०१८ च्या मे महिन्यात ई-सिमला वाट करून दिली. बीएसएनएल सर्वांत शेवटी आले, २०२५ मध्ये. कोकणातल्या कित्येक वाड्यांत बीएसएनएलचाच आधार असतो, म्हणून इथल्या वाचकाला ही तारीख महत्त्वाची.

सोय मोठी झाली आणि एक गोष्ट हातची गेली. चिप बोर्डावर जडवली की ओळख पुन्हा यंत्राला चिकटते. फोन पाण्यात पडला, स्क्रीन गेली, बॅटरी मेली, तर नंबरही त्यातच अडकतो. तो दुसऱ्या फोनवर आणायला कंपनीकडे जावे लागते, आधार दाखवावा लागतो, वाट पाहावी लागते. समुद्राशी रोजचा संबंध असलेल्या माणसासाठी ही किरकोळ बाब नाही. अमेरिकेत २०२२ च्या आयफोन १४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनमध्ये सिमची खाचच ठेवलेली नाही. उद्या स्वस्त फोनही त्याच वाटेने गेले तर १९९१ चा तो हक्क आपण गमावू, असे मला मनापासून वाटते. काढता येणाऱ्या ई-सिमने तो हक्क नव्या तंत्रासह टिकवला, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

या कार्डांचे आज ढोबळमानाने तीन पंथ आहेत. काही विक्रेते कार्ड आणि ॲप एकत्र बांधून देतात. किती प्रोफाइल (म्हणजे चिपमध्ये साठवलेली सिमे) ठेवायची, किती फोनांत कार्ड चालवायचे, हे तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते. सुरुवात सोपी, पुढची वाट अरुंद. काही कार्डांत फोनच्या ‘सिम टूलकिट’ या जुन्या मेनूमध्येच प्रोफाइलांची यादी येते. त्यामुळे आयफोनवर, इतकेच काय बटणांच्या साध्या फोनवरही, एका प्रोफाइलवरून दुसऱ्यावर जाता येते. बोटीवर बटणांचा फोन नेणाऱ्या खलाशाला हीच जात कामाची.

तिसरा पंथ खुल्या तंत्राचा आहे आणि माझा कौल त्याला आहे, तेव्हा त्याचे कारण सविस्तर सांगतो. अशा कार्डाच्या आत एक छोटी यादी असते, कोणत्या ॲपला माझ्याशी बोलायची परवानगी आहे याची. ॲपच्या डिजिटल सहीचा ठसा त्या यादीत असेल तरच अँड्रॉइड दार उघडते. यादीत फक्त विक्रेत्याचे ॲप असेल आणि उद्या त्या विक्रेत्याने दुकान बंद केले, तर फोनवरून कार्ड हलवता येणार नाही. यादीत एखादे खुले ॲप असेल, उदाहरणार्थ ईझी-ईयूआयसीसी, तर कार्ड विक्रेत्याच्या नशिबाला बांधलेले राहत नाही. शिवाय संगणकाला जोडायचा साधा स्मार्टकार्ड रीडर आणि ‘एलपॅक’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर असले की ही यादी आड येत नाही, प्रोफाइल उतरवणे, बदलणे, पुसणे सगळे तिथून होते. बर्लिनच्या सिस्मोकॉमसारख्या संस्थांनी ही वाट मोकळी ठेवली आहे. म्हणून कार्ड घेताना विचारायचा प्रश्न ‘किती प्रोफाइल मावतात’ हा नंतरचा. आधी विचारायचे, याच्याशी कोणकोणते ॲप बोलू शकते? आणि त्याच्याही आधी, चिपला जीएसएमएचे प्रमाणपत्र आहे का? ते नसेल तर कंपनीचा सर्व्हर तिला ओळखतच नाही आणि कार्ड निव्वळ प्लास्टिक राहते.

फोनकडूनही काही लागते. सिमच्या आतल्या चिपशी ॲपला बोलू देणारी सोय मूळ अँड्रॉइडमध्ये ९ व्या आवृत्तीपासून आहे, पण प्रत्येक कंपनीने ती नीट दिलेली नाही. काही फोनांत ती पहिल्या खाचेत चालते, दुसऱ्या खाचेत नाही. कित्येक स्वस्त फोनांत दुसरी खाच मेमरी कार्डाशी वाटून घेतलेली असते. मग लग्नाचे फोटो की जादा सिम, असा निर्णय घरात घ्यावा लागतो.

व्यवहार कसा होतो ते एकदा जवळून पाहू. कार्ड खाचेत घातले, ॲप उघडले की पहिल्यांदा ३२ आकड्यांचा एक क्रमांक दिसतो, ८९ ने सुरू होणारा. तो ईआयडी, म्हणजे चिपची जन्मनोंद. कंपनीकडून क्यूआर कोड येतो. त्या चौकोनात जादू काही नाही, एक ओळ असते. आधी ठरलेली तीन अक्षरे, मग सर्व्हरचा पत्ता, मग सांकेतिक शब्द, आणि मध्ये डॉलरची चिन्हे. हा सांकेतिक शब्द बहुधा एकदाच चालतो. प्रोफाइल उतरले की ते झोपलेले असते, ते जागे करावे लागते. एक जागे झाले की आधीचे झोपते आणि फोन काही सेकंद नेटवर्क शोधत बसतो. प्रोफाइल पुसले की चिप एक निरोप तयार करते, ‘हे इथून काढले’, आणि तो सर्व्हरला पोचवावा लागतो. निरोप पोचला नाही तर सर्व्हरच्या लेखी ते सिम अजून तुमच्याच कार्डात आहे, आणि पुन्हा मागितले तर तो देत नाही. म्हणून रेंज नसलेल्या ठिकाणी, घाईत, जागा करण्यासाठी कधीही प्रोफाइल पुसू नये.

याहून मोठी अडचण आणखी एक आहे. ई-सिम उतरवायला आधी इंटरनेट लागते. किनाऱ्यावर याचा अर्थ काय होतो हे ३ जून २०२० ने दाखवले. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले, वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, माडासुपारीच्या बागा झोपल्या. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर, आणि डिझेल संपले की थांबतो. मुंबईत, पुण्यात, आखातात बसलेली माणसे गावचे नंबर लावून दमली. अशा वेळी सगळे टॉवर एकदम परत येत नाहीत. आज एका कंपनीचा, परवा दुसऱ्याचा. ज्याच्या कार्डात दुसऱ्या कंपनीचे प्रोफाइल आधीच उतरवलेले आहे त्याचा फोन आधी लागतो. नसेल तर त्या दिवशी ते उतरवता येत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारून घेतात तसे हे कामही मे महिन्यातच उरकायचे, आणि त्या प्रोफाइलचे रिचार्ज जिवंत ठेवायचे. त्यासाठी डेटाचे पैसे भरायलाच हवेत असे आता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे वेगळे पॅक द्यायला लावले आहेत.

जे होणार नाही तेही स्पष्ट सांगायला हवे. टॉवरच नसेल तिथे कोणतेही कार्ड रेंज आणत नाही. जुन्या टू-जी जीएसएमच्या रचनेतच सर्वसाधारणपणे ३५ किलोमीटरची मर्यादा आहे, फोन त्यापलीकडे गेला की टॉवरशी त्याची वेळच जुळत नाही. फोर-जीची रचना लांबचे अंतर सोसते, पण किनाऱ्यावरचे टॉवर जमिनीकडे तोंड करून असतात. खोल समुद्रात जाणाऱ्या नाखव्याने जीव या कार्डाच्या भरवशावर टाकू नये. त्यासाठी व्हीएचएफ रेडिओ आहे, आणि मासेमारी बोटींसाठी उपग्रहावर चालणाऱ्या ट्रान्सपाँडरांची केंद्र सरकारची योजना आहे, तिचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. कार्डाचा उपयोग किनारा दिसू लागल्यावर सुरू होतो. मासळीचा भाव, बर्फाची गाडी, घरी निरोप, या कामांना ते उत्तम.

या कार्डाचा सर्वांत सयुक्तिक धनी मला वाटतो तो परदेशात काम करणारा रायगडकर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, महाड या तालुक्यांतली घरेच्या घरे पिढ्यान्‌पिढ्या आखातातल्या पगारावर उभी आहेत. कितीतरी मुले व्यापारी जहाजांवर आहेत. यांचा गावचा नंबर बँकेला जोडलेला असतो, त्यावर ओटीपी येतो, आणि तो बंद पडला तर आईच्या औषधाचे पैसे पाठवणेही अडते. दुसरीकडे नोकरीच्या देशाचे सिम हवे, आणि जहाजावरच्या माणसाला तर बंदरागणिक नवे. एका खाचेत गावचा नंबर कायम आणि दुसऱ्या खाचेत हे कार्ड, ही मांडणी त्यांच्यासाठी जणू मुद्दाम केली आहे. सिंगापूर, रॉटरडॅम, दुबई, जे बंदर येईल त्याचे प्रोफाइल जागे करायचे.

इथेच या पुस्तकाची एक ठाम भूमिका येते आणि ती वाचकाने पाठ करावी असा माझा आग्रह आहे. बँक, आधार, पेन्शन, यूपीआय ज्या नंबराला जोडलेले आहेत तो नंबर कंपनीने दिलेल्या साध्या सिमवरच ठेवा. काढता येणाऱ्या ई-सिमवर दुसरा नंबर, डेटा, परदेशातले प्रोफाइल असे बाकी सगळे ठेवा. कारणे व्यवहारी आहेत. काही भारतीय कंपन्या ई-सिम देताना ईआयडीसोबत फोनचा १५ आकडी ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, मागतात, आणि मूळचे ई-सिम नसलेल्या फोनचा आयएमईआय पाहून अर्ज अडू शकतो. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा नियम आहे. विमानाच्या आदल्या संध्याकाळी मुख्य नंबर हलवला तर दुसऱ्या दिवशी ओटीपी नाही. शिवाय ई-सिमच्या नावाने होणारी फसवणूक वाढली आहे. कंपनीतून बोलतो असे सांगून कोणी ‘तुमचे सिम ई-सिम करतो, आलेला मेसेज पुढे पाठवा’ म्हणतो, आणि मेसेज पाठवला की नंबर त्याच्या फोनवर जातो. क्षणात तुमची रेंज जाते आणि पाठोपाठ खाते रिकामे होते. आपण मागितल्याशिवाय आलेला ई-सिमचा कोणताही कोड कुणालाही देऊ नये, पोटच्या मुलाच्या आवाजात कोणी मागितला तरी आधी फोन ठेवून त्याला आपण फोन करावा.

कायद्याची चौकटही ओळखून घ्यावी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ जोडण्या चालतात. ई-सिम प्रोफाइल ही जोडणीच, कार्ड एक आहे म्हणून ती मोजणीतून सुटत नाही. आपल्या नावावर किती नंबर आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि प्रत्येकाने एकदा पाहावेच. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत पत्र लागते. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही परदेशी ई-सिम विकणारी ॲप भारतातल्या ॲप स्टोअरांमधून काढून टाकली गेली. या किनाऱ्यावर, जिथे १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, तिथे यंत्रणा दूरसंचाराकडे बारीक नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. आपला व्यवहार स्वतःच्या नावावर आणि कागदोपत्री असावा.

चिप सुरक्षित आहे का, हा प्रश्न विचारला जाईलच. २०२५ च्या जुलैत पोलंडच्या सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्स या छोट्या संशोधनसंस्थेने किगेन कंपनीच्या ई-सिम चिपमधली एक फट उघड केली. कंपनीच्या म्हणण्यानुसार या फटीचा फायदा घ्यायला कार्ड हातात यावे लागत होते, आणि कंपनीने तसेच जीएसएमएने दुरुस्त्या केल्या. यातून मी इतकेच काढतो की ज्याच्या चिपचा निर्माता माहीत आहे आणि जो दुरुस्त्या पोचवतो त्याचेच कार्ड घ्यावे. बंदराजवळच्या टपरीवर बिननावाचे मिळते ते घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

हे पुस्तक लिहिताना डोळ्यासमोर तीन वाचक होते. मोबाइलचे दुकान चालवणारा तरुण, परदेशी जाण्याच्या तयारीतला खलाशी, आणि घरी राहून दोघातिघांचे रिचार्ज सांभाळणारी गृहिणी. बहुतेक घरांत नंबरांचा खरा हिशेब तिच्याकडेच असतो. कंपन्यांचे पडदे आणि मेनू दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून कोणते बटण कुठे आहे हे सांगण्यापेक्षा त्या बटणामागे काय घडते हे सांगण्यावर भर दिला आहे. ते कळले की नवा मेनू आपोआप उमगतो. कंपन्यांची तुलना मुद्दाम केलेली नाही, कारण थळला जी कंपनी चांगली ती दिवेआगरला चांगली असेलच असे नाही. त्याऐवजी आपल्या गावात, घरात आणि रोजच्या रस्त्यावर रेंज कशी मोजायची याची रीत दिली आहे.

वाचायला बसण्यापूर्वी एक वही घ्यावी. फोनवर *#०६# लावून दोन्ही आयएमईआय तिच्यात उतरवावेत. कार्ड असेल तर त्याचा ईआयडी लिहावा. घरातला प्रत्येक नंबर, तो कुणाच्या नावावर आहे, कोणत्या बँकेला जोडलेला आहे आणि त्याचे रिचार्ज कधी संपते हे समोर लिहावे. सांकेतिक शब्द आणि पिन मात्र या वहीत लिहू नयेत. वही फोनच्या पिशवीत न ठेवता घरात ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावे. पुढचे पहिले प्रकरण त्या वहीपासूनच सुरू होते.